अर्धा शब्द आपला, उरलेला ब्राउझरचा

संगणकावर एखादा अर्ज भरताना तुमच्याही ध्यानात आले असेल. नावाची पहिली एक-दोन अक्षरे टाइप केली, की रकान्याखाली छोटी यादी उघडते आणि तीत आपले पूर्ण नाव तयार असते! जुन्या पेढीवरचा मुरलेला मुनीम असाच असे. मालकाने अर्धा शब्द उच्चारावा नि बाकीचे त्याने पुरे करावे. या सोयीला ऑटोकम्प्लीट म्हणतात. आपण तिला स्वयंपूर्ती म्हणू. १९९९ सालच्या इंटरनेट एक्स्प्लोररच्या पाचव्या आवृत्तीत ती अर्जांच्या रकान्यांसाठी आली. आज क्रोम, फायरफॉक्स, एज, सफारी या साऱ्याच ब्राउझरांत ती आहे.

आता, हा मुनीम फार हुशार आहे असे आपल्याला वाटते. तसे नाही हो! तो नुसता पाठांतराचा पक्का आहे. आपण अर्ज पाठवला, की त्यातले तो टिपून ठेवतो. चुकीचे स्पेलिंगही तितक्याच निष्ठेने ठेवतो. आणि मुख्य म्हणजे, कळफलकावर आज कोणाचा हात आहे, हे त्याला ठाऊक नसते.

याचे परिणाम कसे होतात पाहा. प्रवेशाचे दिवस आहेत. तालुक्याच्या गावी सायबर कॅफेतल्या एकाच संगणकावर दिवसभर मुले अर्ज भरताहेत. ईमेलच्या रकान्यात पहिले अक्षर पडते, यादी उघडते आणि घाईत असलेली मुलगी वरचाच पत्ता निवडते. तो असतो सकाळी येऊन गेलेल्या दुसऱ्याच मुलीचा. अर्ज जातो, पावती मिळते, सारे यथास्थित दिसते. पण निवडीची सूचना मात्र भलत्याच पेटीत जाऊन पडते. मोबाइलचा क्रमांकही तसाच उचलला असेल, तर ओटीपीसुद्धा तिकडेच! जागा स्वीकारण्याची मुदत टळली, की एका अक्षराच्या घाईपायी वर्ष जाण्याची वेळ येते. शिवाय, त्या पहिल्या मुलीचा पत्ता नि फोन दिवसभर परक्यांच्या नजरेस पडत राहिला, तो वेगळाच.

मग उपाय काय? आधी हे समजून घ्यावे, की मुनिमाची वही एक नाही, चार आहेत. पहिली पत्त्याच्या पट्टीची. तीत आपण पाहिलेली संकेतस्थळे असतात. दुसरी अर्जांच्या सुट्या रकान्यांची. तिसरीत नाव, घरचा पत्ता, कार्डाचे क्रमांक. चौथी पासवर्डांची. पहिली पुसली म्हणून चौथी पुसली जात नाही. पुष्कळांची गफलत होते ती इथेच.

यादीतली एकच चुकीची नोंद काढायची असेल, तर बाणाच्या कळीने तिच्यावर यावे आणि शिफ्ट व डिलीट या कळा एकत्र दाबाव्या. विंडोजवर क्रोम आणि फायरफॉक्स या दोहोंत हे चालते. सगळेच साफ करायचे असेल, तर कंट्रोल, शिफ्ट आणि डिलीट या तीन कळा एकदम दाबल्या, की खिडकी उघडते. तिथे कोणत्या खुणा केल्या आहेत ते नीट वाचावे. नाहीतर नको ते जाण्याऐवजी हवे तेच जायचे! ही सोय मुळातूनच बंद करण्याची व्यवस्था सेटिंग्जमध्ये असते.

परक्या संगणकावर क्रोम किंवा एज असेल, तर पाहुण्यांसाठीची गेस्ट खिडकी उघडावी आणि काम होताच बंद करावी. इन्कॉग्निटो खिडकी आपले नवे काही टिपत नाही, हे खरे. पण आधीचे टिपलेले तिथेही पुढे येऊ शकते.

कोणी म्हणेल, मग ही कटकट हवीच कशाला? पण घरच्या, एकट्याच्या संगणकावर ती उपकारक आहे. ब्राउझर साठवलेला पासवर्ड नेमक्या त्याच संकेतस्थळावर पुढे करतो. बँकेच्या नावाशी मिळतेजुळते बनावट पान आले, तर आपले डोळे फसतात, हा मात्र गप्प बसतो. नेहमीच्या जागी पासवर्ड पुढे आला नाही, तर थांबावे आणि वरचा पत्ता अक्षर न् अक्षर वाचावा.

अनोळखी संकेतस्थळावर मात्र हातानेच लिहावे. फिनलंडमधील एका तज्ज्ञाने २०१७ साली दाखवून दिले, की पानावर नाव आणि ईमेल एवढेच रकाने दिसत असले, तरी न दिसणाऱ्या रकान्यांत ब्राउझर घरचा पत्ता नि फोनही भरून टाकू शकतो.

आणि मित्रहो, अर्ज कुठलाही असो, पाठवण्याचे बटण दाबण्यापूर्वी ईमेल आणि मोबाइल क्रमांक एकदा मोठ्याने वाचा. मुलांचा अर्ज असेल, तर त्यांच्याकडून वाचून घ्या. अर्धे मिनिट लागते.