ड्रायर फिरतोय, पण कपडे ओलेच? मेकॅनिकला बोलावण्याआधी हे तपासा

पावसाची झड लागली आहे, उद्या सकाळी मुलांना शाळेचा गणवेश हवा आहे आणि ड्रायरमधून काढलेले कपडे अजून गच्च ओले आहेत. पूर्वी पाच मिनिटांत होणारे काम आता दोन-तीनदा बटण फिरवूनही होत नाही. अशा वेळी ‘ड्रायर गेला’ असे म्हणून आपण थेट मेकॅनिकला फोन लावतो. पण पाण्याची किंवा हवेची वाट कुठेतरी अडली असेल, तरीही नेमके असेच होते. ही वाट घरच्या घरी, एक रुपयाही खर्च न करता तपासता येते.

तुमचा ड्रायर नेमका कोणता?

आपल्याकडे ‘ड्रायर’ हा शब्द दोन वेगळ्या यंत्रांसाठी वापरला जातो. सेमी-ऑटोमॅटिक मशीनमधला दुसरा, अरुंद टब म्हणजे पिळणारा ड्रायर. तो कपडे वाळवत नाही, वेगाने फिरून पाणी बाहेर फेकतो. दुसरा प्रकार गरम हवेचा. तो स्वतंत्र यंत्र म्हणून मिळतो किंवा समोरून उघडणाऱ्या काही मशीनमध्ये धुण्यासोबतच येतो. दोघांची दुखणी वेगळी, म्हणून तपासणीही वेगळी.

साखर कारखान्यातही हेच चालते

शहादा तालुक्यातील पुरुषोत्तमनगर हे सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखान्याचे गाव. साखर कशी तयार होते हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ड्रायरचे तंत्र वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. रस आटवल्यावर साखरेचे दाणे आणि मळी यांचे घट्ट मिश्रण तयार होते. ते बारीक छिद्रांच्या गोल टोपलीत टाकून वेगाने फिरवतात. मळी छिद्रांतून बाहेर पडते, दाणे आत राहतात. उरलेला ओलावा त्यानंतर गरम हवेने काढला जातो.

आधी फिरवून काढायचे आणि मग उरलेले वाळवायचे, हा क्रम ठरण्यामागे साधा हिशेब आहे. एक लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे ०.६५ युनिट वीज लागते. यंत्रात वाया जाणारी उष्णता धरली, तर साध्या हीटरच्या ड्रायरला त्याहून जास्त. याउलट दीडशे वॉटची मोटर पाच मिनिटे फिरली, तर जेमतेम ०.०१२५ युनिट वीज खर्च होते. म्हणजे पिळून काढलेले पाणी स्वस्त, वाफ करून काढलेले महाग. पिळणे नीट झाले नाही, तर पुढचे सगळे काम लांबते.

टॉवेल सांगेल दोष कुठे आहे

एक कोरडा सुती टॉवेल वजनकाट्यावर ठेवा. समजा तो ५०० ग्रॅम भरला. आता तो भिजवून नेहमीच्या कपड्यांसोबत पिळा आणि पुन्हा वजन करा. ८०० ग्रॅमच्या आसपास वजन आले, तर पिळणे ठीक आहे. एक किलो किंवा त्याहून जास्त भरले, तर टॉवेलने स्वतःच्या वजनाइतके पाणी धरून ठेवले आहे. मग दोष पिळण्यातच शोधायला हवा.

सेमी-ऑटोमॅटिक असेल तर या क्रमाने पाहा

१. ड्रेन पाइप : पाइप वर उचलून ठेवला असेल, मुडपला असेल किंवा त्यात कचरा अडकला असेल, तर पाणी टबाच्या तळाशी साचते. फिरणारा टब त्या पाण्यात घासत राहतो आणि वेग पकडत नाही. पाइप जमिनीवर सरळ ठेवा, त्याचे टोक मोरीच्या पाण्यात बुडू देऊ नका.

२. कपड्यांची रचना : एकच जाड चादर एका बाजूला टाकली, तर टबाचा तोल जातो आणि तो धडधडतो. कपडे चारही बाजूंनी सारखे, दाबून बसवा. वरचे गोल प्लॅस्टिकचे झाकण विसरू नका, नाहीतर एखादा मोजा टबाबाहेर जाऊन खाली अडकतो.

३. फेस : पावडर जास्त झाली किंवा कपडे नीट खळबळले नाहीत, तर ड्रायरमध्ये फेस साचून टबाला अडथळा होतो. एकदा स्वच्छ पाण्यातून काढून पुन्हा फिरवा.

४. व्होल्टेज : संध्याकाळी दिवे मंद होत असतील, तेव्हाच ड्रायरही रेंगाळतो का, हे पाहा. सकाळी तो नीट फिरत असेल, तर दोष मशीनचा नाही. कमी दाबावर मशीन वारंवार चालवली, तर मोटर तापून जळू शकते.

५. ब्रेक आणि कपॅसिटर : झाकण उघडले की टब थांबवणारा ब्रेक एका तारेने झाकणाला जोडलेला असतो. ही तार सैल झाली, तर झाकण बंद असतानाही ब्रेक घासत राहतो. टब जड फिरतो आणि जळक्या रबराचा वास येतो. मोटर नुसतीच गुणगुणत असेल किंवा टब फार हळू सुरू होत असेल, तर कपॅसिटर कमजोर झाल्याची शक्यता असते. ही दोन्ही कामे मेकॅनिकचीच. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असू शकते, त्यामुळे मागचे झाकण स्वतः उघडू नका.

गरम हवेचा ड्रायर असेल तर

येथे पहिला संशय जाळीवर घ्या. कपड्यांचे बारीक तंतू जाळीवर जमून हवा अडते. प्रत्येक वापरानंतर ती साफ करायला हवी. जाळी दिसायला स्वच्छ असली, तरी तिच्यावर थोडे पाणी ओतून पाहा. पाणी वरच साचले, तर कपडे मऊ करणाऱ्या द्रवाचा थर बसला आहे. साबण आणि मऊ ब्रशने ती धुवा आणि पूर्ण वाळवूनच परत लावा.

त्यानंतर बाहेर जाणारा पाइप पाहा. तो भिंतीला दाबला गेला आहे का, बाहेरच्या तोंडाशी पक्ष्याने घरटे केले आहे का? दमट हवा बाहेरच पडली नाही, तर हीटर कितीही तापला तरी कपडे वाळणार नाहीत.

धुणे आणि वाळवणे एकाच मशीनमध्ये असेल, तर आणखी दोन गोष्टी पाहा. पहिली, अशा मशीनची वाळवण्याची क्षमता धुण्यापेक्षा कमी असते. आठ किलो धुणारी मशीन अनेकदा पाच किलोच वाळवते. धुतलेले सगळे कपडे आतच ठेवले, तर वेळ लागणारच. दुसरी, यातल्या अनेक मशीन वाफ थंड करायला नळाचे पाणी वापरतात. नळ बंद असेल किंवा गच्चीवरच्या टाकीतले पाणी उन्हाने तापलेले असेल, तर हे काम मंदावते.

हवेची वाट मोकळी आहे, कपडेही कमी आहेत, तरी आतली हवा गारच असेल, तर हीटर किंवा त्याचा सुरक्षा फ्यूज गेलेला असू शकतो. आता मात्र मेकॅनिकला बोलवा.

साचलेले तंतू पेट घेतात

अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००८ ते २०१० या काळाचा अभ्यास केला. तेव्हा तेथील घरांत ड्रायरमुळे वर्षाला सुमारे २,९०० आगी लागत होत्या आणि त्यामागचे सर्वांत मोठे कारण होते यंत्राची साफसफाई न करणे. म्हणून वाळायला लागणारा वाढता वेळ हा इशाराच समजा. तेल, रॉकेल किंवा पेट्रोल लागलेले कपडे गरम ड्रायरमध्ये कधीही टाकू नका. पिळणाऱ्या ड्रायरमध्येही टब पूर्ण थांबल्याशिवाय हात घालू नका. झाकणाचा स्विच बांधून मशीन चालवण्याची ‘युक्ती’ तर मुळीच नको. घरात लहान मुले असतील, तर विशेषच.

शेवटचे काम वाऱ्याचे

पिळून काढलेले कपडेही कोंदट खोलीत एकावर एक टाकले, तर वाळत नाहीत. नंदुरबारच्या पथाऱ्यांवर मिरची पसरून सुकवतात, ती ढीग घालून सुकत नाही म्हणूनच. कपड्यांमध्ये चार बोटांचे अंतर ठेवा, पंखा लावा आणि दमट हवा बाहेर जाईल अशी एक खिडकी थोडी उघडी ठेवा.

थोडक्यात

- आधी प्लग काढा, मगच तपासणी करा.
- टॉवेलचे वजन करून दोष पिळण्यात आहे की वाळवण्यात, हे ठरवा.
- पाइप, जाळी, कपड्यांचे प्रमाण आणि व्होल्टेज या चार गोष्टी स्वतः पाहा.
- जळका वास, गुणगुणणारी मोटर किंवा गार हवा असेल, तर मशीन बंद ठेवा आणि मेकॅनिकला नेमके लक्षण सांगा. ‘ड्रायर चालत नाही’ एवढेच सांगण्यापेक्षा त्याचा वेळ आणि तुमचे पैसे वाचतील.