मोठं हृदय: ताकद की आजार?

एक्स-रेच्या रिपोर्टात 'हृदय मोठं' असं वाचलं की माणूस हादरतो. रोज धावणारा मात्र कधी कधी खूश होतो. दोन्ही घाईचं आहे.

आधी हिशेब बघा. आरामात बसलेल्या माणसाचं हृदय मिनिटाला साधारण 5 लिटर रक्त फेकतं. एका ठोक्याला 70 मिली, म्हणजे सत्तर-बहात्तर ठोके. वर्षानुवर्षं लांब पल्ल्याचं धावणाऱ्याच्या हृदयाची पोकळी वाढते. एका ठोक्याला 100 मिली गेलं तर 50 ठोक्यांत काम भागतं. आमच्या पलटणीतल्या पक्क्या धावपटूंची नाडी सकाळी पन्नाशीतच असायची! सरावानं कमाल ठोके वाढत नाहीत, उलट वयानं कमी होतात. म्हणून दम वाढतो तो ठोक्यामागच्या रक्तानं. स्वीडनच्या डॉ. हेन्शेन यांनी 1899 मध्येच स्कीपटूंच्या छातीवर बोटांनी ठोकून त्यांचं मोठं हृदय ओळखलं होतं.

रक्तदाबानं मात्र आधी भिंती जाड होतात. स्नायू कमजोर झाला तर हृदय ताणून मोठं होतं, पण आकुंचन दुबळं. हा फरक एक्स-रेत कळत नाही, इकोत कळतो. जिना चढताना नव्यानं धाप लागत असेल, पायांवर सूज असेल, तर 'मी तर धावपटू' म्हणत बसू नका. त्याच आठवड्यात हृदयतज्ज्ञांना दाखवा.