भरवशाचा दाखला : संगणकीय सुरक्षेच्या जागतिक कसोट्या

फायरवॉल, स्मार्टकार्डातली चिप किंवा संगणकाची ऑपरेटिंग सिस्टीम कितपत सुरक्षित आहे, हे विकत घेणाऱ्याला नुसते वापरून कळत नाही. विकणाऱ्याच्या शब्दावर विसंबायचे किंवा तिऱ्हाइताकडून तपासून घ्यायचे, एवढेच त्याच्या हाती असते. ही तिऱ्हाइताची तपासणी कोणत्या नियमांनी व्हावी हे सांगणारे प्रमुख आंतरराष्ट्रीय मानक म्हणजे ‘कॉमन क्रायटेरिया’. त्याचा अधिकृत क्रमांक आयएसओ/आयईसी १५४०८. पासपोर्टातली चिप, अनेक बँक कार्डांतली चिप, सरकारी खात्यांतले राउटर आणि फायरवॉल अशा कितीतरी वस्तू या मानकाच्या चाचणीतून गेलेल्या असतात.

सुरक्षा तपासायची कशी, या प्रश्नाचा उगम अमेरिकी संरक्षण खात्यात आहे. १९६०च्या दशकाच्या अखेरीस एकच मोठा संगणक अनेकजण एकाच वेळी वापरू लागले. गोपनीय माहिती पाहण्याचा अधिकार असलेला आणि नसलेला असे दोघेही एकाच यंत्रावर काम करू लागले, तेव्हा एकाची माहिती दुसऱ्यापासून राखायची कशी, हा पेच उभा राहिला. विलिस वेअर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९७०मध्ये त्यावर अहवाल दिला. १९७२मध्ये जेम्स अँडरसन यांच्या अहवालाने एक मूलभूत कल्पना मांडली: माहितीकडे जाणारी प्रत्येक विनंती एकाच पहारेकऱ्यासमोरून गेली पाहिजे. त्याला टाळता येऊ नये, त्याच्यात कोणाला ढवळाढवळ करता येऊ नये आणि तो इतका लहान असावा की त्याची पूर्ण तपासणी करता येईल. यातली तिसरी अट सर्वांत दूरदृष्टीची होती. आजच्या कोट्यवधी ओळींच्या प्रणालींना ती पाळता येत नाही, आणि मूल्यमापनाच्या बहुतेक अडचणी तिथूनच सुरू होतात.

या विचारांतून १९८३मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्या संगणक सुरक्षा केंद्राने एक निकषग्रंथ प्रसिद्ध केला. मुखपृष्ठाच्या रंगावरून तो ‘ऑरेंज बुक’ म्हणून ओळखला गेला; १९८५मध्ये त्याची सुधारित आवृत्ती निघाली. त्यात ‘डी’पासून ‘सी-१’, ‘सी-२’, ‘बी-१’, ‘बी-२’, ‘बी-३’ असे चढत ‘ए-१’पर्यंत वर्ग होते. हनीवेल कंपनीची ‘स्कॉम्प’ ही ‘ए-१’ मिळवणारी पहिली प्रणाली. ऑरेंज बुकने संगणकसुरक्षेला पहिल्यांदा मोजपट्टी दिली, हे त्याचे मोठे ऋण. मात्र ही मोजपट्टी लष्करी होती. गुपित फुटू नये यावर तिचा सारा भर होता. बँकेला गुपिताइतकीच, किंबहुना अधिक, काळजी खात्यातला आकडा कोणी परस्पर बदलू नये याची असते. डेव्हिड क्लार्क आणि डेव्हिड विल्सन यांनी १९८७मध्ये नेमक्या याच उणिवेवर बोट ठेवले.

दुसरा दोष रचनेतला होता. उत्पादनात सुरक्षेच्या कोणत्या सोयी आहेत आणि त्या नीट बांधल्या आहेत याची खात्री किती, हे दोन प्रश्न ऑरेंज बुकने एकाच वर्गात बांधून टाकले होते. फ्रान्स, जर्मनी, नेदरलँड्स आणि ब्रिटन यांनी मिळून तयार केलेल्या ‘आयटीसेक’ या युरोपीय निकषांनी, १९९१च्या आवृत्तीत, त्यांची फारकत केली. १९९३मध्ये कॅनडाने स्वतःचे निकष आणले. आता एकच उत्पादन तीन ठिकाणी तीन पद्धतींनी तपासून घेण्याची वेळ उत्पादकांवर आली. म्हणून हे युरोपीय देश, अमेरिका आणि कॅनडा एकत्र बसले. कॉमन क्रायटेरियाची पहिली आवृत्ती जानेवारी १९९६मध्ये आली आणि १९९९मध्ये तिला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला.

या पद्धतीचा गाभा दोन दस्तऐवजांत आहे. पहिला ‘प्रोटेक्शन प्रोफाइल’. तो बहुधा ग्राहकांचा गट किंवा सरकारी संस्था लिहिते. अमुक प्रकारच्या उत्पादनाला, म्हणजे समजा फायरवॉलला, कोणते धोके संभवतात आणि त्यांना तोंड देण्यासाठी त्यात काय असले पाहिजे, हे त्यात असते. दुसरा ‘सिक्युरिटी टार्गेट’. तो उत्पादक लिहितो आणि आपल्या नेमक्या उत्पादनाबद्दल नेमका दावा करतो. उत्पादनाचा कोणता भाग, कोणती आवृत्ती, कोणत्या मांडणीत तपासायची, भोवतालची परिस्थिती कशी गृहीत धरायची, हे सारे तिथे ठरते. परवानाप्राप्त प्रयोगशाळा त्या दाव्याची छाननी करते, आणि देशाची प्रमाणन संस्था प्रयोगशाळेच्या कामावर देखरेख ठेवून प्रमाणपत्र देते. प्रयोगशाळांनी काम कसे करावे याची पद्धतही आयएसओ/आयईसी १८०४५ या मानकात बांधून दिलेली आहे.

तपासणीच्या खोलीला सात पायऱ्या आहेत, ‘ईएएल-१’ ते ‘ईएएल-७’. पहिल्या पायरीवर उत्पादन सांगितल्याप्रमाणे चालते का, एवढे पाहिले जाते. चौथ्या पायरीवर आराखडा आणि सोर्स कोडही उघडून तपासला जातो. सातव्या पायरीवर आराखड्याची अचूकता गणिती पद्धतीने सिद्ध करावी लागते. तिथवर पोहोचलेली उत्पादने हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. माहिती एकाच दिशेने जाऊ देणारा ‘डेटा डायोड’ हे त्यांचे ठळक उदाहरण. त्याचे काम इतके साधे आहे की ते पुरते तपासता येते. अँडरसन यांची तिसरी अट इथे प्रत्यक्षात उतरते. या पायऱ्यांबद्दल एक गैरसमज फार खोलवर रुजला आहे. ईएएलचा आकडा मुख्यतः छाननी किती कसून झाली ते सांगतो. कोणता दावा छाननीला ठेवला होता, हे त्या आकड्यात कुठेच दिसत नाही.

विंडोज २०००चे उदाहरण यासाठी अभ्यासण्याजोगे आहे. २००२मध्ये या प्रणालीला ईएएल-४ आणि थोडी वाढीव पातळी मिळाली. मूल्यमापन प्रामाणिक होते. पण ज्या प्रोटेक्शन प्रोफाइलवर ते बेतले होते, त्याने वापरकर्ते एकमेकांशी सहकार्याने वागणारे आणि व्यवस्थापन चोख असलेले गृहीत धरले होते. ठरवून, कसून केलेला हल्ला त्याच्या कक्षेतच नव्हता. इंटरनेटला जोडलेल्या घरच्या वा कचेरीतल्या संगणकाची स्थिती याच्या नेमकी उलट असते. त्याआधी १९९५मध्ये विंडोज एनटी ३.५ला ऑरेंज बुकचा ‘सी-२’ वर्ग मिळाला, तोही नेटवर्कला न जोडलेल्या यंत्रासाठी. दोन्ही प्रमाणपत्रे खरी होती, फक्त खरेदीदाराच्या मनातल्या प्रश्नाचे उत्तर त्यांत नव्हते.

याहून गंभीर प्रसंग २०१७चा. चेकियातल्या ब्रनो येथील मासारिक विद्यापीठाच्या संशोधकांना इन्फिनियन कंपनीच्या चिपमध्ये वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअर संग्रहात दोष सापडला. आरएसए या कूटलेखन पद्धतीच्या चाव्यांसाठी मोठ्या मूळ संख्या झटपट तयार व्हाव्यात म्हणून त्यांना एक विशिष्ट ठेवण दिली गेली होती, आणि त्या ठेवणीमुळे सार्वजनिक चावीवरून खासगी चावी काढणे आवाक्यात आले होते. या चिपना कॉमन क्रायटेरियाची वरच्या पातळीची प्रमाणपत्रे होती. एस्टोनियाच्या सुमारे साडेसात लाख ओळखपत्रांना याचा फटका बसला. नोव्हेंबर २०१७मध्ये सरकारला त्यांवरील डिजिटल प्रमाणपत्रे स्थगित करावी लागली. चाव्या तयार करण्याची ती रीत जाहीर नव्हती. संशोधकांनी चिपने बनवलेल्या असंख्य चाव्यांचा अभ्यास करून ती हुडकली. गुप्ततेच्या पडद्याआड झालेल्या तपासणीला खुल्या विद्वत्चर्चेची जोड नसेल तर काय होते, हे या प्रसंगाने स्पष्ट केले. २०२४मध्ये फ्रान्सच्या निंजालॅब या सुरक्षा प्रयोगशाळेने याच कंपनीच्या चिपमधला दुसरा एक दोष उघड केला. तो वापरायला उपकरण प्रत्यक्ष हाती असावे लागते आणि महागडी साधनेही लागतात, पण १४ वर्षे आणि उच्च पातळीची सुमारे ८० मूल्यमापने त्याला ओलांडून गेली होती.

पद्धतीच्या अर्थकारणातही एक अवघड गाठ आहे. प्रयोगशाळेचे शुल्क उत्पादक भरतो, प्रयोगशाळाही तोच निवडतो. केंब्रिज विद्यापीठातले संगणकसुरक्षा संशोधक रॉस अँडरसन यांनी या हितसंबंधावर वर्षानुवर्षे टीका केली. त्यांच्या गटाने २००८मध्ये ब्रिटनमधल्या कार्डयंत्रांतला संवाद पेपर क्लिपसारख्या साध्या वस्तूने ऐकता येतो, हे दाखवून दिले. ही यंत्रे ‘कॉमन क्रायटेरियानुसार मूल्यमापन केलेली’ असल्याचे सांगितले जात होते, प्रत्यक्षात त्यांना औपचारिक प्रमाणपत्र नव्हते. दोन वाक्यांमधला हा फरक सामान्य माणसाला कळणे शक्य नव्हते.

एका देशाचे प्रमाणपत्र दुसऱ्याने मान्य करावे यासाठी १९९८मध्ये कॅनडा, फ्रान्स, जर्मनी, ब्रिटन आणि अमेरिका यांनी करार केला. पुढे त्यात इतर देश आले. आधी ईएएल-४पर्यंत असलेली मान्यता २०१४च्या सुधारित करारात साधारणतः ईएएल-२पुरती किंवा अनेक देशांनी मिळून लिहिलेल्या प्रोटेक्शन प्रोफाइलपुरती ठेवण्यात आली. हा बदल योग्य होता, कारण त्याने चर्चा आकड्यावरून दाव्याकडे वळवली. २०१९पासून प्रमाणपत्रांना पाच वर्षांची मुदत आली. २०२२मध्ये मानकाची नवी, पाच भागांची आवृत्ती निघाली, आणि फेब्रुवारी २०२५पासून युरोपीय संघाची या मानकावर आधारलेली स्वतःची प्रमाणन योजना लागू झाली.

भारत २०१३पासून या करारात प्रमाणपत्र देणारा देश आहे. हे काम केंद्रीय इलेक्ट्रॉनिकी आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाच्या अखत्यारीतील ‘एसटीक्यूसी’ संचालनालय पाहते. त्याच्या प्रयोगशाळांपैकी एक कोलकात्याला आहे. दूरसंचार उपकरणांसाठी बंगळूरच्या राष्ट्रीय संचार सुरक्षा केंद्राने स्वतंत्र भारतीय निकष लिहिले आहेत. नाशिकच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापल्या जाणाऱ्या ई-पासपोर्टांत आता चिप असते. त्यामुळे चिपच्या मूल्यमापनाचा विषय मराठी घरातल्या कपाटापर्यंत आलेला आहे.

सरकारी खाती, सहकारी बँका, विद्यापीठे यांच्या निविदांत नुसते ‘ईएएल-४ प्रमाणित’ लिहिणे पुरेसे नाही. सिक्युरिटी टार्गेट बहुतेक वेळा प्रमाणपत्रासोबत करारदेशांच्या सामायिक संकेतस्थळावर विनामूल्य मिळतो. निविदा लिहिणाऱ्यांनी तो उघडावा, त्यातले गृहीतकांचे प्रकरण आधी वाचावे, तपासलेली आवृत्ती आणि मांडणी आपण घेत आहोत तीच आहे ना हे पडताळावे आणि मगच सही करावी.