पडक्या चर्चमधलं एक हाड

धुळ्याहून जळगावला जाताना वाटेत पारोळा लागतं. तिथला पडका किल्ला तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. पडक्या भिंती पाहिल्या की आपण सहज म्हणतो, "इथं आता काय उरलंय?" आज अशाच एका पडक्या जागेची गोष्ट सांगतो. जागा जरा लांब आहे, जुन्या गोव्यात!

तिथं टेकडीवर एक मनोरा उभा आहे, तब्बल ४६ मीटर उंच. आपल्याकडे काळा दगड, तिकडे तांबूस, भोकाभोकांचा जांभा. हा संत ऑगस्टीन चर्चचा मनोरा. ऑगस्टीन पंथाचे पाद्री १५७२ मध्ये गोव्यात आले आणि १६०२ मध्ये हे चर्च बांधून पुरं झालं. पण १८३५ साली पोर्तुगीज सरकारनं मठच बंद केले. माणसं गेली, डागडुजी थांबली. त्यात गोव्याचा पाऊस! १८४२ मध्ये छत कोसळलं. १९३१ मध्ये दर्शनी भिंत आणि अर्धा मनोराही गेला.

आता खरी गोष्ट. काळ्या समुद्राकाठी जॉर्जिया नावाचा देश आहे (अमेरिकेतलं राज्य नव्हे हं!). तिथली राणी केतेवान इराणच्या शहा अब्बासच्या कैदेत होती. धर्म बदलायला तिनं साफ नकार दिला, म्हणून १६२४ मध्ये शिराझ शहरात तिचे हालहाल करून तिला मारलं. तिथल्या ऑगस्टीन पाद्र्यांनी तिच्या अस्थी गुपचूप मिळवल्या आणि त्यांतल्या काही थेट गोव्याच्या या चर्चमध्ये आणून ठेवल्या.

जॉर्जियाचे लोक तिला संत मानतात. त्यांनी गोव्यात येऊन शोध घेतला, पण सगळीकडे दगडमातीचे ढीग! अस्थी खिडकीजवळच्या दगडी पेटीत ठेवल्याचं जुन्या पोर्तुगीज कागदांत लिहिलं होतं. पण खिडकीच पडली असेल तर काय करायचं? अखेर पुरातत्त्व खात्याला २००४ च्या सुमारास उत्खननात हाताचं एक हाड मिळालं.

पण ते राणीचंच कशावरून? हैदराबादच्या सीसीएमबी या प्रयोगशाळेनं त्या हाडातला डीएनए तपासला. त्याचा एक भाग फक्त आईकडून मुलांना मिळतो. या हाडातला तो नमुना वीस हजारांहून जास्त भारतीयांच्या नमुन्यांशी ताडून पाहिला. एकाशीही जुळला नाही! जॉर्जियातल्या ३० जणांपैकी दोघांशी मात्र जुळला. हा निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. शंभर टक्के पुरावा याला म्हणता येणार नाही, पण जुने कागद आणि प्रयोगशाळा एकच सांगत होते.

जुलै २०२१ मध्ये भारतानं त्या अस्थींचा काही भाग जॉर्जियाला कायमचा दिला. जवळजवळ चारशे वर्षांनी राणी घरी गेली.

आणि हो, चर्चची मोठी घंटाही वाचली बरं का! १८७१ पासून ती पणजीच्या चर्चमध्ये आहे. गोव्याला गेलात तर त्या पांढऱ्याशुभ्र चर्चच्या पायऱ्यांवर उभे राहून वर बघा, दिसेल.