कूलर, करंट आणि प्लास्टिकचा फंडा

एप्रिल लागला की धरमपेठेत 'कसा आहेस?' नंतरचा प्रश्न ठरलेला, 'कूलर लावला का?' विचारणारच! 23 मे 2013 ला नागपूरचा पारा 47.9 अंशांवर गेला होता. नवी नोकरी, भाड्याचा फ्लॅट आणि पहिली मोठी खरेदी म्हणजे कूलर. दुकानात पाऊल टाकलं की बाबांचा फोनवरून सल्ला, 'प्लास्टिकचा नको रे, लोखंडीच घे. मजबूत असतो.'

पण बॉस, लोखंडी कूलरचा जीवही प्लास्टिकवरच अवलंबून आहे! मोटरच्या तांब्याच्या तारेवर इनॅमल म्हणून जो थर असतो, तो प्लास्टिकच्याच जातीचा. तार ज्या खाचांत बसते, तिथे पॉलिएस्टरची फिल्म. हे पातळ थर जळले की करंट थेट बॉडीत. उन्हाळ्यात विदर्भातल्या पेपरांत कूलरच्या शॉकने जीव गेल्याच्या बातम्या येतात, त्या उगाच नाही.

पाण्यात बुडणारा पंप बघा. चांगल्या पंपाचं वाइंडिंग रेझिनमध्ये कायमचं बंद असतं, पाण्यात फिरतं ते फक्त चुंबक. वीज आणि पाण्याची भेटच होत नाही. पण टाकी कोरडी असताना पंप चालू राहिला तर तो तापतो आणि आवरणाला तडा जाऊ शकतो. नंतर त्याच टाकीत पाणी भरलं तर...?

अर्थात, बादलीचं प्लास्टिक वेगळं, मोटरचं वेगळं. नायलॉन 66 वितळतं ते 260 अंशांच्या आसपास. काचेचे धागे मिसळले की ते आणखी कडक होतं. पण नायलॉन पाणी पितं आणि फुगतं, म्हणून ओलाव्याच्या जागी पीबीटी नावाचं प्लास्टिक बरं. प्लास्टिकची खोट एकच, ते उष्णता बाहेर जाऊ देत नाही. त्या कामात अॅल्युमिनियम शेकडो पट सरस. म्हणून बऱ्याच मोटरींत बाहेरून धातू, आतून प्लास्टिक अशी वाटणी असते.

मग खरेदीला जाताना काय बघायचं?

- मोटरच्या लेबलवरचा इन्सुलेशन क्लास. 'बी' म्हणजे 130 अंशांपर्यंत, 'एफ' म्हणजे 155.
- तीन पिनांचा प्लग आणि घरात खरोखर चालू असलेलं अर्थिंग.
- मेन बोर्डात 30 मिलिअॅम्पिअरचा आरसीसीबी. करंट गळला की तो क्षणात वीज तोडतो.

आणि बॉडी प्लास्टिकची असली तरी टाकीतलं पाणी शॉक देऊ शकतं. पाणी भरताना नुसता स्विच बंद करू नका, प्लगच काढा. मग बसा बिनधास्त गारव्यात!