अनुकृती आणि आकलन

चित्रकलेच्या शिक्षणात अनुकृतीला जे स्थान आहे तेच साहित्याच्या शिक्षणात अनुवादाला आहे, असे विधान केल्यास ते काहीसे धाडसाचे वाटेल. दोहोंनाही दुय्यम लेखले जाते. दोहोंवरही स्वतंत्र प्रतिभेच्या अभावाचा आरोप होतो. हा आरोप कितपत खरा आहे, हे एका चित्राच्या आधारे पाहावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

डेल्फ्टचा चित्रकार योहानेस व्हर्मीर (१६३२–१६७५) याचे दूध ओतणाऱ्या दासीचे तैलचित्र १६६० च्या सुमाराचे असून ते आज अ‍ॅम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. आकार जेमतेम ४५.५ × ४१ सेंटिमीटर. विषय अगदी घरगुती: डावीकडच्या खिडकीतून येणारा उजेड, टेबलावर पाव, आणि मातीच्या भांड्यात दुधाची धार सोडणारी स्त्री.

अशा चित्राची नक्कल करू लागणाऱ्याला पहिला धडा मिळतो तो सबुरीचा. तैलरंग जलरंगाप्रमाणे केवळ ओल उडून वाळत नाही. त्यातील जवसाचे तेल हवेतील प्राणवायूशी संयोग पावून घट्ट होते, आणि त्यास दिवसच्या दिवस लागतात. म्हणून प्रथम तपकिरी रंगात छायाप्रकाशाची मांडणी, ती वाळल्यावर मूळ रंग, आणि शेवटी पारदर्शक रंगाचे पातळ लेप, असा क्रम पाळावा लागतो. खालच्या थरात तेल कमी व वरच्या थरात अधिक, हा नियम मोडला तर वरचा थर आधी वाळून कालांतराने तडकतो. अनुवादकालाही हा क्रम परिचित आहे: आधी अर्थाचा सांगाडा, मग शब्द, आणि सर्वांत शेवटी स्वर. स्वर आधी लावू पाहणाऱ्याचे भाषांतरही असेच तडकते.

दुसरा धडा दृष्टीचा. मी स्वतः या चित्राची नक्कल छापील प्रतीवरून करावयास घेतली, तेव्हा मागची भिंत पांढरी समजून पांढरीच रंगविली; ती निर्जीव झाली. पुन्हा पाहिले तेव्हा कळले की, खिडकीलगत ती भिंत करडी आहे आणि उजवीकडे उजळत जाते. तिच्यावर खिळा आहे, खिळ्याची सावली आहे, उपटलेल्या खिळ्यांची भोके आहेत. मी ‘भिंत’ हा शब्द रंगविला होता, भिंत नव्हे. केवळ शब्दकोशावर विसंबणाऱ्या अनुवादकाची चूक नेमकी हीच असते.

परंतु अनुकृतीची मर्यादाही याच भिंतीवर दिसते. राइक्सम्युझियमने २०२२ मध्ये जाहीर केलेल्या संशोधनानुसार, दासीच्या डोक्यामागे व्हर्मीरने प्रथम भांडी अडकविण्याची फळी आणि उजव्या कोपऱ्यात एक टोपली योजली होती. दोन्ही त्याने पुढे रंगाखाली बुजविल्या. नक्कल करणाऱ्याला मोकळी भिंत आयती मिळते. ती मोकळी करण्याचा निर्णय त्याला घ्यावा लागत नाही. मूळ कलावंताचा निष्कर्ष त्याच्या हाती येतो, संदेह येत नाही.

तेव्हा अनुकृती म्हणजे निर्मिती नव्हे, हे मान्यच करावे. मात्र ती वाचनाचा अत्यंत कठोर प्रकार आहे. रसिक एखादा कोपरा न पाहता पुढे जाऊ शकतो; नक्कल करणाऱ्याला इंचभर जागाही वगळता येत नाही. अभ्यासकाने नक्कल पूर्ण झाल्यावर वेगळ्या कागदावर ती फळी पुन्हा रेखाटून पाहावी. ती का नको होती, हे त्याच्या हाताला उमगले, तर श्रम सार्थकी लागले असे समजावे.