लाकडाकडे चालत गेलेली करवत

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर चढून आले आणि दक्षिण रायगडापासून दापोली-मंडणगडपर्यंतच्या मुलखात नारळी-पोफळीच्या बागांबरोबर विजेचे खांबही आडवे करून गेले, तेव्हा छपरे गमावलेल्या घरांपुढे एक चमत्कारिक अडचण उभी राहिली : दुरुस्तीला माणसे होती, लाकूडही होते, परंतु कित्येक गावांत पुढे अनेक दिवस वीज नसल्यामुळे सुताराची सारी यंत्रे निरुपयोगी होऊन पडली होती. आमच्या पडवीचे तीन वासे मोडले होते. माळ्यावर आजोबांनी जपून ठेवलेले सागाचे जुने वासे मापाला आणण्याचे काम गावातील एका वृद्ध सुतारकाकांनी हातकरवतीने, भर उकाड्यात, मधून मधून दम घेत, एकट्याने पार पाडले. ते दृश्य माझ्या मनातून गेले नाही. आणि पावसाळा सरल्यावर मी जी वस्तू विकत आणली ती बॅटरीवर चालणारी, १६५ मिलिमीटर व्यासाच्या गोल पात्याची बिनतारी करवत होय. तिच्या काही वर्षांच्या सहवासात जे उमगले ते येथे नमूद करावेसे वाटते.

यंत्राने लाकूड कापण्याचा इतिहास हा, एका अर्थाने, लाकडाने करवतीकडे जावे की करवतीने लाकडाकडे यावे, या वादाचा इतिहास आहे. सरळ पाते एका दिशेने कापते आणि दुसऱ्या दिशेने नुसतेच परतते. गोल पात्याला परतीचा प्रवासच नाही. ही कल्पना ज्या जुन्या सनदेत आढळते ती इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या सॅम्युअल मिलर यांना १७७७ साली मिळालेली आहे. परंतु असे पाते फिरविण्यास वारा, वाहते पाणी आणि पुढे वाफ यांचे बळ लागे, आणि ही बळे जागा सोडून हलणारी नव्हती; म्हणून अरण्यातले ओंडके वाहून गिरणीच्या दारी आणावे लागत. हा क्रम उलटला तो अमेरिकेत, विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात. लुइझियाना प्रांतातील उसाच्या मळ्यांत राबणाऱ्या मजुरांचे कष्ट पाहून एडमंड मिशेल यांनी ऊस तोडण्याच्या कोयत्याला विजेची मोटर जोडण्याचा उद्योग आरंभला. त्या उद्योगातूनच हाती धरून चालविण्याची गोल करवत निघाली, आणि जोसेफ सलिव्हन यांच्या साहाय्याने १९२४ साली तिच्या उत्पादनासाठी कंपनी स्थापन झाली. ज्या महाराष्ट्रात ऊसतोडणीच्या जोडप्यालाच ‘कोयता’ म्हणण्याची रीत आहे, त्या महाराष्ट्राच्या वाचकाला या यंत्राचा हा उगम परका वाटू नये.

अशा रीतीने करवत लाकडाकडे निघाली खरी, पण तिच्या पायात तारेची बेडी राहिली. आणि ती तुटण्यास अर्ध्या शतकाहून अधिक काळ जावा लागला. ब्लॅक अँड डेकर या कंपनीने १९६१ मध्ये निकेल-कॅडमियम बॅटरीवर चालणारे ड्रिल बाजारात आणले होते. परंतु ड्रिलला क्षणभराचे काम आणि मग विसावा, तर करवतीला पाते लाकडात शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत अखंड बळ पुरवावे लागते. हिशेब मांडून पाहिला म्हणजे या अडचणीचे स्वरूप ध्यानात येते. ७२० वॅट शक्तीला घरातील २३० व्होल्टच्या विजेतून तीन अँपिअरांच्या आसपास प्रवाह पुरतो. तीच शक्ती १८ व्होल्टच्या बॅटरीतून घ्यावयाची तर ४० अँपिअर प्रवाह ओढावा लागतो. सोनी कंपनीने १९९१ मध्ये लिथियम-आयन बॅटरी व्यापारी स्वरूपात आणली, आणि २००५ मध्ये मिल्वॉकी कंपनीने २८ व्होल्टच्या अवजारांत तिचा उपयोग केला, तेव्हापासून एवढा भार सोसणारी आणि तरीही हातात पेलणारी बॅटरी कारागिराच्या आवाक्यात येऊ लागली.

माझ्या करवतीची बॅटरी उघडली तर आत दहा नळकांडी सेल आढळतील, ३.६ व्होल्टचे पाच सेल एकापुढे एक जोडले की १८ व्होल्ट होतात, आणि अशा दोन रांगा शेजारी शेजारी ठेवल्या की ५ अँपिअर-तासांचा साठा होतो. काही बॅटऱ्यांवर १८ ऐवजी २० हा आकडा छापलेला असतो, तो केवळ पूर्ण भरलेल्या अवस्थेतील दाबाचा आहे. सेल तेच आणि तेवढेच. एकूण शिल्लक ९० वॅट-तास. वर सांगितलेल्या ७२० वॅटच्या भाराने ही शिल्लक सलग खर्च केली तर साडेसात मिनिटांत संपेल. परंतु एक फळी आडवी कापण्यास काही सेकंदच लागत असल्याने, मापे घेत, खुणा करीत चालणारे माझे पडवीचे काम एका भरलेल्या बॅटरीवर सहज उरकते. अशी करवत बाळगणारा मनुष्य खरे पाहता बॅटरीच बाळगीत असतो : काम करून तापलेली बॅटरी निवल्यावाचून भरावयाची नाही, रिकामी करून महिनोन्‌महिने ठेवावयाची नाही, आणि उन्हात विसरावयाची तर मुळीच नाही.

आता तिच्या स्वभावाकडे वळतो. मिनिटाला पाच हजार फेऱ्या घेणाऱ्या १६५ मिलिमीटर पात्याच्या कडेवरील दाताचा वेग सेकंदाला सुमारे ४३ मीटर, म्हणजे ताशी दीडशे किलोमीटरांहून अधिक असतो. हे दात पुढच्या बाजूस खालून वर कापीत येतात. म्हणून फळीच्या वरच्या अंगाच्या चिरफळ्या निघतात आणि खालचे अंग स्वच्छ राहते, आणि म्हणूनच फळीची दर्शनी बाजू खाली करून ठेवावी लागते. फळीचे दोन्ही शेवट टेकवून मधोमध कापावयास घेतले, तर कापल्या जाणाऱ्या फळीचा मध्य खाली झुकतो, कापाच्या दोन्ही भिंती जवळ येऊन पाते चिमटीत धरतात, आणि लाकूड कापण्याकडे लागलेले सारे बळ क्षणार्धात करवतीला चालविणाऱ्याच्या दिशेने मागे फेकण्याकडे वळते. हा धक्का आवरण्यास मनगट पुरे पडत नाही. तो उद्भवूच नये अशी तजवीज आधी करावी लागते. ठेवावयाचा भाग क्लॅम्पने जखडावा, तुटणाऱ्या भागाला पडण्यास मोकळीक द्यावी, पात्याची खोली लाकडाच्या जाडीपेक्षा दातभरच अधिक ठेवावी, स्वतः पात्याच्या रेषेत उभे राहू नये. डोळ्यांवर चष्मा आणि नाकातोंडावर मुखपट्टी असावी. पाते बदलताना बॅटरी आधी काढून दूर ठेवावी. स्प्रिंगने आपोआप मिटणारे खालचे आवरण अडचण होते म्हणून तारेने बांधून ठेवण्याची वाईट सवय ज्यांना असेल, त्यांनी ती आजच सोडावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

ही सारी पथ्ये मला मुखोद्गत होती. तरी त्यांच्या मुळाशी असलेले तत्त्व मला सुतारकाकांनी सांगितले. नवी करवत दाखवावयास मी मोठ्या उत्साहाने त्यांना बोलाविले होते. त्यांनी ती हातात तोलून पाहिली, एक रीप स्वतः कापून पाहिली, समाधानाने मान हलविली आणि म्हणाले, “भाऊ, चांगली आहे. हातकरवतीनं चूक झाली तर अर्ध्यावर कळते. हिच्यानं झाली तर कापून झाल्यावरच कळेल.”

या वाक्याचा मी अनेकदा विचार केला आहे. हातकरवतीचे श्रम ही केवळ शिक्षा नव्हती. त्या श्रमांतच एक संथपणा होता, आणि त्या संथपणात खुणेवरून ढळणारे पाते पुन्हा मार्गावर आणण्यास सवड मिळे. गिरणीतील यंत्राला भक्कम बैठकीचा आधार होता. बिनतारी करवतीने श्रम घेतले, बैठक घेतली आणि तारेचे बंधनही घेतले. आता संथपणा पुरविण्याची संपूर्ण जबाबदारी तिच्या धन्यावर येऊन पडली आहे. यंत्राने वाचविलेली मिनिटे मापाच्या खाती जमा करावयाची असतात, ही गोष्ट मी आता नियम म्हणून पाळतो : गुण्या लावून पेन्सिलीने रेघ ओढावी, पाते रेघेच्या कोणत्या अंगास पडणार ते ठरवून टाकाऊ भागावर फुली मारावी, आणि बॅटरी मग बसवावी.

गेल्या पावसाळ्याआधी पडवीचा चौथा वासा मी त्याच करवतीने कापला. सुतारकाका शेजारी बाकावर बसले होते. काप पुरा झाल्यावर मी यंत्र खाली ठेवले, तेव्हा त्यांनी त्याच्याकडे पाहिलेही नाही. हात पुढे करून फक्त “गुण्या द्या,” एवढेच म्हणाले. कापलेल्या तोंडावर गुण्या टेकवून, उजेडाकडे धरून, त्यांनी तो वासा क्षणभर न्याहाळला, आणि मग काही न बोलता तो खांद्यावर घेऊन शिडीकडे चालू लागले.